बहिणीची सही

पितृसत्तेवर घरच्यांशी बोलायचं कसं, भांडण न होता, असं मला बरेच जण विचारतात, विशेषतः धाकट्या पोरी. भांडण न होता बोलता येईल असं मला काही वाटत नाही, पण निदान भांडण मुद्द्यावर राहावं म्हणून मी हल्ली थेट सात-बारा काढते. मोबाईलवर निघतो. गट नंबर टाकायचा, कॅप्चा भरायचा आणि कब्जेदारांच्या नावांवरून बोट फिरवत खाली यायचं. ह्या घरात गेल्या तीन पिढ्यांत किती बायका जन्मल्या, किती लग्न होऊन आल्या, आणि ह्या कागदावर किती दिसतायत? एवढं विचारलं की पुढचं बोलणं आपोआप जमिनीवर येतं. (हसू नका, खरंच येतं.)

कारण नुसतं 'पितृसत्ता' म्हटलं की समोरच्या पुरुषाला वाटतं आरोपपत्र वाचायला घेतलं. लगेच सुरू होतं, मी काय बायकोला मारतो का, मी काय पोरीला शिकवलं नाही का, आमच्या घरात तर सगळं हिच्याच मनाप्रमाणे चालतं. आणि गंमत म्हणजे तो खरं बोलत असतो. तो मारत नाही, पोरगी इंजिनिअरिंगला आहे, भाजी कोणती करायची हे खरोखर हिच्याच मनावर असतं. म्हणून वाईट पुरुषाचं उदाहरण घेऊन ह्या विषयावर बोलण्यात काही राम नाही. चांगला पुरुष घ्यावा. मी माझा सख्खा भाऊ घेते.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. ऊस, आलं, पावसाळ्यात घेवडा. आम्ही तीन भावंडं, दादा मोठा, मग मी, मग धाकटी. दादा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा आबांना, म्हणजे वडिलांना, पहिला झटका आला आणि तो कॉलेज सोडून शेतीत उतरला तो कायमचा. दारू नाही, तंबाखू नाही. मला डेंग्यू झाला होता तेव्हा रात्रीच्या एसटीने पुण्याला येऊन हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पेपर टाकून झोपलेला माणूस आहे हा. दिवाळीला आम्हा दोघींना साडी तो स्वतः दुकानात जाऊन निवडतो, वहिनीवर सोपवत नाही. तर अशा ह्या दादाने आबांच्या तेराव्यानंतर काही दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, ओसरीवर बसून अगदी सहज म्हटलं, वारसनोंदीला टाकलंय, तुमची पण नावं लागतील, मग एकदा दोघी सवड काढून या, हक्कसोड करून टाकू.

हक्कसोड म्हणजे बहिणींनी आपला वाटा भावाच्या नावे सोडून दिल्याचा दस्त. 'करून टाकू' असंच म्हणाला, गॅसची केवायसी करून टाकू म्हणावं तसं. त्याच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. त्याने आत्यांना हेच करताना बघितलं होतं, मीही बघितलं होतं.

आजोबा गेल्यावर तिन्ही आत्या आल्या होत्या. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली दस्त लिहिणाऱ्याचं टेबल, तिथे गोणपाटावर तिघी ओळीने बसलेल्या, मी चष्मे आणि आधार कार्डं सांभाळायला. आत नंबर लागला की एकेकीने उठायचं, अंगठा त्या मशीनवर ठेवायचा. थोरल्या आत्याचा अंगठा उठेचना. जन्मभर खुरपं धरलेलं, रेषाच झिजल्या होत्या. चार वेळा पुसून पाहिला, शेवटी ऑपरेटर म्हणाला मावशी केसांवर घासा जरा, तेल लागू द्या. आत्याने पदर मागे करून अंगठा केसांवर घासला, मग उठला. छोट्या कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं तर तिघीही फोटोला बसल्यासारख्या ताठ. साहेबांनी विचारलं, राजीखुशीने देताय ना? थोरली म्हणाली, "भावाला द्यायला काय राजी आन् काय नाराजी." सगळे हसले, साहेबसुद्धा. घरी आल्यावर पुरणपोळी, तिघींना साड्या, आबांनी प्रत्येकीच्या पाया पडून त्या दिल्या. आबांच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते खरं होतं.

तर पितृसत्ता म्हणजे मला विचाराल तर तो अंगठा उठवण्याची सगळी खटपट आणि ते खरं पाणी, दोन्ही एकत्र. कुणी कुणाला धमकावलं नाही. सगळ्यांना माहीत होतं की सही नाही केली तर राखीला कोण बोलावणार, बाळंतपणाला, आजारपणाला, नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस कुठे यायचं. हे कुणी बोलून दाखवत नाही, दाखवायची गरजच नसते. बाईला माहेर टिकवायचं असेल तर माहेरची जमीन सोडावी लागते. भावाला मात्र बहीण टिकवण्यासाठी काय सोडावं लागतं, तर साडीचे पैसे.

कायद्याचं म्हणाल तर कायदा कधीचाच बदललाय. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, तेव्हा अविवाहित असलेल्यांना. मग २००५ ला केंद्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, ९ सप्टेंबरपासून मुलगी जन्माने मुलासारखीच सहहिस्सेदार, लग्न झालेलं असो नसो. बाप त्या तारखेला जिवंत होता की नव्हता ह्यावर कोर्टकचेऱ्या चालल्या, तेही सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवलं, बाप हयात असण्याची गरज नाही. म्हणजे कागदावर सगळं चोख. आणि गावात काय झालं, तर आधी पुष्कळ ठिकाणी बहिणीचं नाव लागलंच तर 'इतर हक्क' म्हणून कोपऱ्यात पडून असायचं, आता ते रीतसर लावावं लागतं आणि मग रीतसर कमी करावं लागतं. बहीण-भावातलं बिनमोबदला हक्कसोड असेल तर स्टॅम्प आधी दोनशेचा, आता पाचशेचा. एवढ्या स्वस्तात दुसरं काय होतं हो हल्ली? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदार खातेदारांत बायका जेमतेम १४ टक्के आहेत, आणि शेतात वाकलेल्या बायका किती ते एसटीच्या खिडकीतून कुणालाही मोजता येतं.

दादाला मी तेव्हा लगेच नाही म्हटलं नाही. बघू म्हटलं. आणि मग फोनवर, व्हॉट्सॲपवर, गावी गेलं की रात्री अंगणात, ते बोलणं लांबत गेलं. त्याचे मुद्दे साधे नव्हते आणि ते उडवून लावण्यात अर्थ नव्हता, कारण इथेच बहुतेक बोलणी फिसकटतात, आपण समतेवर बोलत राहतो आणि समोरचा पीककर्जावर.

त्याचं पहिलं हेच होतं. "सोसायटीचं कर्ज उचलायचं म्हणलं की दर वर्साला तुमच्या दोघींच्या सह्या कुठनं आणू?" रास्त प्रश्न आहे. सामाईक खात्यावर कर्ज काढताना बाकीच्या खातेदारांची संमती मागतात. म्हटलं संमतीपत्र देते, हवं तर कर्जापुरतं मुखत्यारपत्र करून देते. ह्यावर तो थोडा गप्प झाला. कारण अडचण खरी असली तरी तिच्यावर नाव काढणं हाच एक इलाज नाही हे त्यालाही कळत होतं.

मग तुकडे. जमिनीचे तुकडे पडतील, सगळ्यांना वाटत बसलं तर खायला काय उरणार. हा मुद्दा मला लहानपणापासून पाठ आहे आणि मलाही तो खराच वाटायचा, आकडे बघेपर्यंत. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी खातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ ला ते १.३४ वर आलं. ह्या पंचेचाळीस वर्षांत बहिणींना किती वाटा मिळाला? जवळपास काहीच नाही. मग हे तुकडे पाडले कुणी? आमच्याच पणजोबांचं एक शिवार आज नऊ चुलत घरांत आहे आणि आबा होते तोवर नऊच्या नऊ सात-बाऱ्यांवर पुरुषच होते. दोन भाऊ वेगळे झाले की बांध घालतात, पाण्याच्या पाळ्या ठरवतात, त्याला वाटण्या म्हणतात. तुकड्यांची काळजी बहिणीचं नाव निघालं की मगच जागी होते.

दादा म्हणाला, तू आकडे काढू नको गं, मला शेतीतलं शिकवू नको. बरोबर आहे, मीही त्याच्या जागी चिडले असते.

आणि मग त्याने तो मुद्दा काढला ज्याच्यापुढे सगळ्या बहिणी गप्प होतात. "आबांचं शेवटपतुर कुणी बघितलं?"

दुसऱ्या झटक्यानंतर आबा अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती, तिची मोटर रात्रभर घुरघुरायची, आणि लाईट गेली की गादी बसायची म्हणून कुणीतरी उठून आबांना कुशीवर वळवायचं. कुणीतरी म्हणजे वहिनी. नळीतून पेज भरवायची ती गाळून गाळून करायची, कारण एक कण अडकला तर नळी बदलायला साताऱ्याला न्यावं लागायचं. लघवीची पिशवी, पावडर, चादरी. त्या चादरी धुवायला मशीन नको, वास राहतो, म्हणून ती विहिरीवरच्या दगडावर बडवायची. दादा औषधं आणायचा, डॉक्टर आणायचा, पैसे उभे करायचा, रात्री शेजारी बसायचा. आम्ही दोघी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, फळं घेऊन.

तर दादाने हे विचारलं तेव्हा वहिनी आत भाकरी थापत होती, दार उघडं होतं आणि परातीतला आवाज थांबला हे मला ऐकू आलं. मी म्हटलं, वहिनीने बघितलं. तो म्हणाला, तेच की, म्हणजे मीच. म्हटलं मग वहिनीचं नाव लाव, मी आणि धाकटी उद्या येऊन सही करतो. त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मी टोमणा मारत नव्हते.

कारण वहिनी खटाव तालुक्यातली, लग्नानंतर काही वर्षांनी तिचे वडील गेले आणि तिच्या भावाने तिला बोलावून घेतलं, त्यालाही त्याच्या बापाला शेवटी कुणी बघितलं हा मुद्दा होताच, आणि तिथे बघणारी होती त्याची बायको, जी कुठल्या तरी तिसऱ्या गावी आपल्या भावाला सही देऊन आलेली. आता हे चक्र एकदा नीट डोळ्यासमोर आणा. प्रत्येक बाई एका गावात 'तू काय म्हाताऱ्यांना बघितलं' म्हणून सही करते आणि दुसऱ्या गावात म्हाताऱ्यांना बघते, आणि तिने जे बघितलं त्याच्या जोरावर तिचा नवरा स्वतःच्या बहिणीकडून सही घेतो. सेवा तिची, पुण्याई त्याच्या खात्यावर. ह्यात एकही माणूस दुष्ट असायची गरज नाही. वहिनीचा भाऊसुद्धा चांगलाच आहे, दर वर्षी मुराळी म्हणून स्वतः येतो.

सुनेला सासरच्या जमिनीत नवरा जिवंत असेपर्यंत स्वतःचा असा हिस्सा नाही, नवरा गेला तर विधवा म्हणून वारस. म्हणजे तिचं नाव लागायला आधी कुणीतरी मरावं लागतं. आणि मुलीचा बाप स्थळ बघताना आधी विचारतो काय, तर जमीन किती. स्वतःच्या जमिनीतलं मुलीला द्यायचं नाही आणि जिथे तिचं नाव लागणार नाही त्या जमिनीचे एकर मोजायचे. (ह्यातून पोरंही सुटलेली नाहीत. शेती मिळाली म्हणून कर्जाचा बोजाही त्यांच्याच नावावर चढतो, आणि आता शेतकरी नवरा नको म्हणून तिशी-पस्तिशीची पोरं गावोगाव बसून आहेत. दादाने सोडलेलं ते कॉलेज, त्याचाही हिशोब कधीतरी मांडायला हवा, मी त्याला तसं म्हटलंही.)

आई ह्या सगळ्यात सही करा म्हणणाऱ्यांत होती. "मी हाय तवर तुमचं माह्यार हाय, कशाला वाईटपणा घेता." लोक म्हणतात बघा बाईच बाईची शत्रू. मला हे वाक्य फार आळशी वाटतं. आईला दादाच्या घरात राहायचंय, वहिनीच्या हातची भाकरी खायचीय, तिने काय म्हणावं अशी अपेक्षा आहे? मी तिला म्हटलं आई, आबांच्यात तुझाही हिस्सा आहे. ती म्हणाली मला काय करायचाय. खरं तर त्या सगळ्या चर्चेत तिचाही हिस्सा आहे हे दादाच्या, धाकटीच्या, कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही.

बोलायचं कसं ह्यावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट शेतकरी संघटनेची आहे. नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यात चांदवडला त्यांचं महिला अधिवेशन झालं, लाखांच्या संख्येने बायका आल्या होत्या, आणि पुढे काही वर्षांनी संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. म्हणणं असं की सरकारने आपल्याला लुटलं, आपलं देणं दिलं नाही म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, मग घरातल्या लक्ष्मीचं जे देणं आपल्याकडे आहे ते आधी फेडा, तिच्या नावावर जमीन करा. ज्या गावात शंभर घरं हे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. आणि शेतकऱ्यांनी केलं, मिशा पिळणाऱ्या, पाटीलकी मिरवणाऱ्या माणसांनी केलं. ह्यात कुणाला तू अत्याचारी आहेस म्हटलेलं नाही, तू देणेकरी आहेस म्हटलंय, आणि घामाचा दाम मिळत नाही हे दुखणं शेतकऱ्याला आतून माहीत असतं. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं की नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येईल. किती जणांनी अर्ज केले ते आपापल्या गावच्या तलाठ्याला विचारा, तो आधी परिपत्रक कुठलं ते विचारेल.

आता ह्यावर कुणी म्हणेल, म्हणजे पुरुषांना समजेल अशा गोड भाषेत बोलायचं का? नाही हो. ताराबाई शिंदे १८८२ साली बुलढाण्याहून 'स्त्री-पुरुष तुलना' ह्या पुस्तकात जे लिहून गेल्या ते काही गोड नव्हतं, सुरतेच्या एका विधवेला बालहत्येची शिक्षा झाली आणि पुरुष नामानिराळे राहिले ह्याचा संताप होता तो, आणि तो आजही वाचताना चटके बसतात. संतापाला जागा आहेच. फक्त संताप कुणावर आणि कशावर हे आपलं आपल्याला नीट माहीत हवं. दादावर माझा राग तेवढा नाही, जेवढा त्या 'करून टाकू'वर आहे.

शहरातल्यांनी ह्यात आपली सुटका झाली असं समजू नये. जमीन नसेल तर वेळ मोजा. देशाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ ला घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७. २०२४ ला पुन्हा मोजलं तर बायकांची २८९ झाली. वा, दहा मिनिटं कमी! आणि पुरुषांची? ८८, म्हणजे त्यांचीही नऊ कमी. माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला मी तर भांडी लावतो. लावतो, आणि मला सांगतो लावली म्हणून.

बाकी आमच्या सह्यांचं म्हणाल तर अजून झालेल्या नाहीत. वारसनोंद झाली, आईसकट चौघांची नावं लागली आणि तशीच आहेत. सोसायटीला संमतीपत्रं दिली, कर्ज मिळालं, ऊस गेला. मधे काही महिने दादा तुटक बोलायचा, राखीला मात्र आला. धाकटी डळमळतेय, तिच्या सासरचे म्हणतात वाटा घ्यायचाच असेल तर मोजून घे, तेव्हा आता तिला दोन्हीकडून ओढ आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल. वहिनीचं नाव अजून लागलेलं नाही. दादा 'बघू' म्हणतो, माझाच शब्द.

मागच्या आठवड्यात दुपारी वहिनीचा फोन आला, दादा रानात असताना. ताई, ते मोबाईलवर सात-बारा बघता येतो म्हणाला होतात ते कसं? मी सांगत गेले, विभाग पुणे, जिल्हा सातारा, तालुका कोरेगाव, तर म्हणाली, नाही, खटाव टाकायचंय. कॅप्चा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उघडलं. बराच वेळ ती नुसती वाचत होती, भावाचं नाव, पुतण्याचं नाव, विहीर, बोअर. मग म्हणाली, ताई, माझं नाव हाय की हितं. वर रेघ मारलीय, पण हाय.

रेघेच्या शेजारी फेरफार क्रमांक असेल तो लिहून घ्या म्हटलं, त्यावरून नक्कल निघते, कधी आणि कशाच्या आधारावर नाव कमी केलं ते कळतं. ती म्हणाली, सही तर मी सोसायटीच्या कामाची म्हणून केली होती, असं भाऊ म्हणाला होता. मग जरा थांबून, नक्कल काढायला किती पैसे लागतात? आणि तिथं मलाच जावं लागंल का कुणीबी चालंल? म्हटलं तुम्हीच जा. सोमवारी माहेरी हळदीकुंकवाला जायचंच आहे म्हणाली, बघते जमलं तर, पण ह्यांना एवढ्यात बोलू नका.